पातेकाकांनी बोथट केलेली सुरी

पातेकाकांचं आडनाव पाते नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या भटारखान्यात त्यांनी सगळी नोकरी भाज्या चिरण्यात घालवली आणि तिथंच हे नाव त्यांना चिकटलं. कुणी सुरी वापरून तशीच बेसिनमध्ये टाकली की ते लांबून ओरडायचे, "अरे, पातं आहे ते, चमचा नाही! उचल आधी!" हे इतक्या वेळा कानावर पडायचं की आचाऱ्यांनी त्यांनाच पाते म्हणायला सुरुवात केली. केस पिकले तसे पातेचे पातेकाका झाले. निवृत्तीच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात "आपले श्रीयुत पाते" असं म्हटलं तेव्हा सगळा भटारखाना खो खो हसला. काकांनी उठून नुसती मान तुकवली. आता निघायच्या दिवशी कुठे चूक दाखवत बसायचं?

घर म्हणजे दोन खोल्या आणि एक अरुंद स्वयंपाकघर, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या बरोबर वर. खिडकीखाली दिवसभर हवा भरायच्या पंपाचा फसफसाट चालायचा. एकुलती एक लेक लग्न करून दुसऱ्या शहरात गेलेली. राहिली ती दोघं, काका आणि काकू. काकू घरबसल्या कपड्यांच्या हातशिलाया करून द्यायच्या. बोटं जशी चपळ तशीच जीभही. "लग्न ठरवायला आले तेव्हा यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही," त्या आल्यागेल्याला सांगायच्या. "आधी स्वयंपाकघरात डोकावून आमची सुरी बघून आले. म्हणे, या घरात धार नीट ठेवतात, मुलगी चांगलीच असणार!"

"मग खोटं निघालं का?" काका म्हणायचे.

"तुमचं नशीब."

काकूंची स्वतःची एक सुरी होती. लहानशी, लाकडी मुठीची, जुन्या पोलादाची. असलं पातं कापतं छान, पण त्याचे लाड फार. जरा ओलं राहिलं की गंजतं, टोमॅटो कापून तसंच ठेवलं की काळं पडतं. लेकीनं दोनदा नवी चकचकीत सुरी आणून दिली. काकूंनी ती पाव कापायला ठेवली आणि म्हणाल्या, "ही कापत नाही गं, चावते."

आठवड्यातून एकदा, दुपारची जेवणं आटोपली की काका जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून घरातल्या सगळ्या सुऱ्या घेऊन बसत. त्यासाठी बाजारातून काही आणलेलं त्यांना मुळीच खपत नसे. लागायचं ते सगळं फडताळातच असायचं. पिळून झालेल्या लिंबाची फोड मिठात बुडवून ते पात्यावर फिरवत, की काळे डाग निघून जात. ते लगेच धुवायचं, कारण आंबट फार वेळ राहिलं तर तेच पातं खातं. गंजाचा ठिपका दिसला की अर्धा बटाटा खायच्या सोड्यात बुडवून त्यावर घासायचा. मूठ कोरडी पडली असेल तर बोटभर गोडं तेल चोळायचं. शेवटी चिनीमातीचा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं किंचित कलतं धरून ओढायचं, एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं. घाई नाही, जोर नाही. धार लागली की नाही ते वर्तमानपत्राच्या कपट्यावर बघायचं. लेक लहान असताना समोर मांडी घालून बसायची आणि तो कपटा तिच्या हातात असायचा. तो सर्रकन दोन झाला की ती टाळ्या वाजवायची. तीही मग कपावर सुरी ओढायला शिकली होती.

काकू बाजूला शेंगा सोलत बसायच्या आणि टोमणे मारायच्या. "एवढं कधी माझ्या हातांना तेल चोळलं नाहीत."

"तुझे हात गंजत नाहीत."

"बघा हं, एक दिवस गंजतील."

थट्टेत बोललेलं ते. दोघंही हसले होते.

पहिली खूण काकांना सुरीवरच दिसली. काकूंची ती लहान सुरी एका सकाळी बेसिनमध्ये पाण्यात पडलेली होती. रात्रभर. पात्यावर तांबूस थर चढला होता. काका चिडले. "अगं, तू सुद्धा? भटारखान्यातल्या पोरांना बोलण्यात आयुष्य गेलं आणि आता घरात तेच?" एरवी एकाला दोन ऐकवणारी बाई नुसती सुरीकडे बघत राहिली, जणू ती कुणी दुसऱ्यानं आणून टाकली होती.

मग ती सुरी पिठाच्या डब्यात सापडली. मग उशाखाली. एकदा तर धुतलेल्या कपड्यांच्या घडीत. काकू शिलाईचं एकच काम उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या, पुन्हा उसवायच्या. गिऱ्हाइकं हळूहळू कपडे परत घेऊन गेली. काका स्वतःला समजावत राहिले की वय झालं, होतं असं. आपणही चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतोच की.

एका दुपारी ते खालून ब्रेड घेऊन आले तर काकू ओट्याशी उभ्या राहून गाजर चिरत होत्या. एका लयीत, मान खाली. पाटावरची गाजरं जास्तच लाल दिसत होती. काका जवळ गेले. काकूंच्या डाव्या हाताच्या बोटाला खोल कापलं होतं, रक्त पाटावरून ओट्यावर आणि ओट्यावरून जमिनीवर ठिबकत होतं आणि काकू चिरतच होत्या.

"अगं, थांब! थांब!"

"एवढं संपू दे," काकू म्हणाल्या. "हे येतील आता जेवायला."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई काकांना ओळखत होत्या. कित्येक वर्षं त्यांनी काकांनी चिरलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. बोटाला टाके घालून झाले तशा त्या काकूंशी गप्पा मारत बसल्या. आज वार कोणता, लेकीचं गाव कोणतं, आत्ता काय घेतलं, चहा की कॉफी. काकू हसून विषय बदलत होत्या. इतक्या सफाईनं की काकांनाच क्षणभर वाटलं, सगळं ठीक आहे. नंतर बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"काका, हे विसरणं बरं होणारं नाही. वाढत जाईल. घरातलं धारदार सगळं आधी उचला. सुऱ्या, कात्री, सगळं."

"सुऱ्या?" काकांनी विचारलं. आपल्यालाच हे सांगताहेत, यावर त्यांचा विश्वास बसेना.

"तुम्हाला अवघड जाणार, ठाऊक आहे मला."

त्यांनी सुऱ्या कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि किल्ली गळ्यात घातली. घरचा स्वयंपाक ते आता काकू झोपलेल्या असताना करत. सुरी काढायची, भरभर चिरायचं, धुवायची, पुसायची, परत कुलपात. आपल्याच घरात चोरासारखं.

पण काकूंना चैन पडेना. त्या दिवसभर शोधत फिरायच्या. फडताळं उघडायच्या, डबे उपडे करायच्या, गादी उचलायच्या. "माझी सुरी कुठंय? इथंच होती." काका सांगायचे, धारेला दिली आहे. अर्ध्या तासानं पुन्हा तेच. नवऱ्याचं नाव विसरलेली बाई सुरी मात्र विसरत नव्हती. संध्याकाळ झाली की त्यांची घालमेल वाढायची. स्वयंपाकाची वेळ झाली आणि हातात काही नाही, म्हणून त्या ओट्यापाशी उभ्या राहून रडायच्या. काका जवळ गेले तर अंग चोरून घ्यायच्या. "तुम्हीच नेलीत. मी पाहिलंय तुम्हाला." एकदा त्यांनी दार उघडून समोरच्या बाईंना हाक मारली, "अहो, बघा ना, घरात कोण शिरलंय!" समोरच्या बाई आल्या, काकांकडे बघून ओशाळल्या आणि हळूच दार ओढून घेतलं. त्यानंतर त्यांचं येणं कमीच झालं. त्यांचं तरी काय चुकलं? येऊन बोलायचं कुणाशी, आणि काय?

लेकीचा रोज फोन यायचा. "बाबा, आई कशी आहे?"

"आहे. बरी आहे."

"तुम्ही कसे आहात?"

"मला काय धाड भरलीय?"

फोन ठेवला की घरात आवाज उरायचा तो फक्त नळाचा. काकांना बोलायची फार सवय कधीच नव्हती. घरात बोलायचं काम काकूंचं आणि हुं म्हणायचं यांचं. आता हुं म्हणायलाही काही उरलं नव्हतं. कधीकधी ते बटाट्याशी बोलायचे. "सडलास का रे? असू दे, तेवढं काढून टाकू." घरात माणूस होतं, सोबत नव्हती.

शेवटी एके दिवशी काकू जेवेनाशा झाल्या. ताटाकडे बघून म्हणाल्या, "मी चिरलं नाही, मी केलं नाही, परक्याचं मी कशाला खाऊ?" त्या दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर काकांनी कपाट उघडलं. लहान सुरी काढली आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

गॅलरीच्या कठड्याला दगडी काठ होता. काकांनी सुरी उभी धरली, धार सरळ खाली दगडावर टेकवली आणि ओढली. असा आवाज त्यांनी आयुष्यात स्वतःच्या हातानं काढला नव्हता. भटारखान्यात कुणी सुरी फरशीवर घासली तर ते जेवण टाकून उठायचे. हात थांबला. त्यांनी पुन्हा ओढली. डोळ्यांत पाणी आलं तसं चष्मा काढून बाजूला ठेवला. या कामाला नजर लागत नव्हती. टोक घासून गोल केलं. धार पुरती सपाट केली. मग कागदाच्या कपट्यावर फिरवून पाहिली, कागद नुसता दुमडला. तळव्यावर दाबून ओढली, फिकी रेघ उठली आणि विरली. आता ती सुरी राहिली नव्हती. सुरीच्या आकाराची पट्टी होती.

पण दिसायला ती काकूंचीच दिसायला हवी होती. म्हणून त्यांनी लिंबू आणि मीठ आणलं, दगडाचे ओरखडे जमतील तेवढे घासून काढले, पातं धुऊन कोरडं केलं, मुठीला तेल लावलं. इतकं मन लावून सुरी त्यांनी कधी साफ केली नसेल, आणि तीही कापू नये म्हणून.

काकू उठल्या तेव्हा सुरी ओट्यावर होती. त्यांनी ती उचलली, मुठीवरून अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा असा उजळला की काकांना तिथं उभं राहवेना. शेजारी उकडलेले बटाटे ठेवले होते, पिकलेली केळी होती. काकूंनी चिरायला घेतलं. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

तेव्हापासून तेच चालू झालं. काका सकाळी गाजर, बटाटा, भोपळा मऊ उकडून ठेवायचे आणि काकू ते चिरायच्या. पण हात जुने होते, त्यांना फरक कळायचा. एका दुपारी काका नेहमीसारखे वर्तमानपत्र अंथरून बसले होते, तर काकू सुरी घेऊन आल्या आणि जरा लांबच उभ्या राहिल्या.

"तुम्ही धारवाले का?"

काकांनी वर पाहिलं. "अगं, मी..."

काकूंच्या चेहऱ्यावर भीती उमटली. त्या एक पाऊल मागं सरल्या. काकांनी ती भीती पाहिली आणि तोंडात आलेलं गिळून टाकलं.

"हो," ते म्हणाले. "धारवाला. द्या इकडे."

"बरं झालं आलात. आमचे हे घरी नाहीत, नाहीतर तेच करतात. धार गेलीय हो हिची."

काकांनी कप पालथा घातला. सुरीची पाठ कडेवर ठेवली आणि ओढली, धार लागताना होतो तसाच आवाज काढत. काकू कान देऊन ऐकत होत्या. आवाज मनासारखा झाल्यावर त्यांनी मान डोलावली, सुरी घेतली आणि आत गेल्या. दारातून वळून म्हणाल्या, "यांना सांगू नका हं. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही."

रोज दुपारी असंच. रोज नव्यानं ओळख, रोज तेच बोलणं. काकांना त्या वेळेची वाट पाहायची सवय लागली. दिवसातून तेवढ्याच वेळी काकू त्यांच्याशी न घाबरता बोलायच्या. जावयाला कॉफी आवडत नाही इथपासून ते नवरा झोपेत भाज्यांची नावं घेतो इथपर्यंत सगळं त्या धारवाल्याला सांगायच्या. काका हुं म्हणायचे. मग सुरी पुसून परत द्यायची आणि धारवाल्यानं निघून जायचं. काका खरंच चपला घालून जिन्यात जाऊन उभे राहायचे. थोड्या वेळानं परत आत. कधी दार लगेच उघडायचं, कधी काकू विचारायच्या, "कोण हवंय?"

लेकीला यातलं त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. सुरी आपण दगडावर घासून बोथट केली, हे तोंडातून निघत नव्हतं. शिवाय ती म्हणाली असती, इकडे या, नाहीतर आईला कुठंतरी ठेवू. तिचं म्हणणं बरोबरच असतं, म्हणून तर ऐकायचं नव्हतं.

लेक चार दिवस राहायला आली. आईनं तिला ओळखलं नाही, पण ही मुलगी तिला आवडली. "किती छान मुलगी आहे, कुणाची आहे?" असं विचारत राहिली. लेक बाथरूममध्ये जाऊन रडून आली आणि हसत बाहेर पडली. काकांना वाटलं, पोर आपल्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी काका औषधं आणायला गेले. दुकानात गर्दी होती, वेळ लागला. परत आले तर स्वयंपाकघरातून टकटक टकटक आवाज येत होता. कितीतरी दिवसांत न ऐकलेला आवाज. काका दारातच थबकले.

काकू कच्चा टोमॅटो चिरत होत्या. कागदासारख्या पातळ चकत्या एकावर एक पडत होत्या. पाठ ताठ, कोपर अंगाशी, बोटांची टोकं आत वळवलेली, सगळं जसंच्या तसं. खिडकीतलं ऊन पात्यावर चमकत होतं.

"बघा बाबा!" लेकीचा चेहरा फुलला होता. "बिचारी कधीची त्या बोथट सुरीशी झगडत होती. मी कपावर ओढून दिली, तुम्ही शिकवलंत तशी. फार वेळ लागला हो, काय करून ठेवली होतीत? पण बघा ना, आईला सगळं येतंय!"

काकांनाही बघत राहावंसं वाटलं. ही ती होती. इतक्या महिन्यांनी ती या घरात परत आली होती, त्या ओट्याशी, पाठमोरी. त्यांना वाटलं, कदाचित डॉक्टरीणबाईंचंच चुकलं असेल. कदाचित आपणच सुरी काढून घेतली म्हणून ती अशी झाली असेल. माणसाचं मन काय, जिथे फट दिसेल तिथून आशा आत घेतं.

टोमॅटो संपला. काकूंनी सुरी उचलली, वळल्या, आणि रिकामा तळवा पात्याच्या धारेवर मिटून घेतला. फडक्यानं सुरी पुसावी तशी ती पुसायला. फक्त फडकं हातात नव्हतं.

काका झेपावले. त्यांनी तळव्याच्या आणि पात्याच्या मध्ये हात घातला, काकूंची मूठ उघडली आणि पातं स्वतःच्या हातात आलं. काकू किंचाळल्या, "चोर! सोड!" आणि सुरीची मूठ ओढली. काकांनी सोडलं नाही. लेकीनं मागून आईला धरलं तेव्हा सुरी खाली पडली.

काकूंच्या तळव्यावर नुसता ओरखडा होता. काकांचा तळवा आडवा उघडला होता. इतकी वर्षं सुऱ्यांमध्ये काढली, पण असं कधी कापलं नव्हतं.

"बाबा! अहो बाबा!" लेक ओरडली. "मला काय माहीत..."

"तुला कसं माहीत असणार? मी सांगितलंच नाही."

तेवढ्यात काकू पुढे आल्या. रक्त पाहिलं आणि त्यांच्यातली भीती कुठच्या कुठे गेली. त्यांनी काकांचं मनगट धरलं, नळाखाली नेलं, थंड पाण्याची धार सोडली. "हात वर धरा," त्या म्हणाल्या. "असा. खांद्याच्या वर." मग धुतलेलं फडकं घेऊन त्यांनी ते घट्ट गुंडाळलं, गाठ मारली, आणि वरून आपल्या दोन्ही हातांनी दाबून धरलं. शिलाईत आयुष्य घालवलेली बोटं ती, गाठ सुटायची बात नव्हती.

"घाबरू नका," त्या काकांना म्हणाल्या. "आमचे हे येतील आत्ता. त्यांना या कापण्याचं सगळं कळतं. जरा तापट आहेत, पण हात फार हलका आहे त्यांचा. तुम्हाला दुखू देणार नाहीत."

काका त्यांच्याकडे बघत होते. लेक भिंतीला टेकून तोंड दाबून उभी होती.

"येतील ना नक्की?" काकांनी विचारलं.

"येणार म्हणजे? जेवायच्या वेळेला कधी चुकले नाहीत."

दोघं तशीच उभी राहिली, ओट्याला टेकून, काकूंच्या हातांत काकांचा हात. बऱ्याच दिवसांत त्यांनी काकांना हात लावू दिला नव्हता. शेवटी लेकच म्हणाली की आता टाके घालायला जायला हवं.

त्या रात्री, आई झोपल्यावर, लेकीनं बापाला दगडाची, कपाची, धारवाल्याची सगळी हकीकत सांगायला लावली. मग म्हणाली, "एकट्यानं का केलंत हो सगळं?" दुसरं कोण होतं, असं म्हणणं म्हणजे तिला टोचणं झालं असतं. परत जायच्या आधी तिनं सुरी गॅलरीत नेली. काकांचा हात बांधलेला, म्हणून तिनंच ती दगडावर ओढली. काका बाजूला बसून सांगत होते, "उभी धर. आणखी. टोकाकडे अजून आहे बघ."

त्यानंतर लेक दर महिन्याला येऊ लागली, आणि सकाळच्या वेळी एक मदतनीस बाईही ठेवली. काकूंचं शोधणं हळूहळू थांबलं. मग चिरणं थांबलं. एका दुपारी त्या सुरी घेऊन आल्याच नाहीत. काका वर्तमानपत्र अंथरून, कप पालथा घालून दिवे लागेपर्यंत बसून होते. दुसऱ्या दिवशीही बसले. मग त्यांना समजलं, आता धारवाल्याचंही काम उरलं नाही.

थंडीत काकूंना ताप आला आणि छातीत कफ भरला. इस्पितळातल्या ज्या वॉर्डात काकांच्या भटारखान्यातून ताटं जायची, तिथंच त्या शेवटचे दिवस होत्या. काका चमच्यानं सूप भरवायचे. भाजी जाडजूड चिरलेली असायची, एकसारखी नाही. काकांच्या नजरेला ते दिसायचं, आणि ते पुढचा चमचा भरायचे. एका पहाटे काकू झोपेतच गेल्या. काका शेजारी खुर्चीत बसले होते आणि त्यांना वाटलं होतं की श्वास आज जरा शांत लागलाय.

लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. घर मोठं, माणसं प्रेमळ, पण सकाळी सगळी कामाला गेली की काका आणि भिंतीवरचं घड्याळ. जावयानं मायेनं सांगून ठेवलं होतं, "बाबा, तुम्ही आता काही करायचं नाही." आणि नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. महिन्याभरानं ते परत आले. लेक नाराज झाली. "तिथं आता कोण आहे तुमचं?" तिनं विचारलं. काका म्हणाले, "कुणी नाही गं. पण तिथं कुणी नाही हे मला पाठ आहे. इथं ते नव्यानं शिकावं लागतं."

आता ते स्वतःपुरतं शिजवतात. अंदाज मात्र चुकतो, भाजी नेहमी जास्तच होते. एकदा त्यांनी उरलेली डब्यात घालून समोरच्या बाईंचं दार वाजवलं. त्या अवघडून म्हणाल्या, "काका, आत या ना. किती दिवस झाले." आत टीव्हीवर कुठलीशी मालिका चालू होती, घरातली सगळी सोफ्यावर दाटीवाटीनं बसलेली. काकांना दाराजवळची खुर्ची मिळाली. मालिकेतलं कोण कुणाचं काय लागतं ते त्यांना कळेना, पण समोरच्या बाई मधूनमधून सांगत होत्या, "ही ना काका, याची सावत्र बहीण. पण त्याला ते माहीत नाही." काका हुं म्हणत होते. मालिका संपली, जाहिराती लागल्या, तशी घरातली माणसं एकेक करून उठली. काकाही उठले.

"उद्या पण असते हो, याच वेळेला," बाई दाराशी येऊन म्हणाल्या.

"बघतो," काका म्हणाले आणि चपला शोधू लागले.